टोमॅटोवर ७५ टक्के ग्रीन नेट टाकली, डाग थांबले पण फुलं गळतायत, तर ९० ची आणू का?

ताई, नका आणू. तुमचं म्हणणं असं की नागपूरला तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत ग्रोबॅगमधे टोमॅटो आहेत, एप्रिल लागल्यावर फळांवर पांढरे डाग आले म्हणून ७५ वाली हिरवी नेट आणून झाडांभोवती गुंडाळली, डाग थांबले पण आता फुलं गळतायत, झाडं नुसती उंच चाललीयत. ९० राहू दे, आधी ती ७५ ची पण टोमॅटोवरून काढा.

७५ म्हणजे ७५ टक्के ऊन अडवते, आत येतं फक्त २५, बरेच लोक हे उलटं समजून घेऊन येतात. ऑर्किड, फर्न, कटिंगची रोपं यांच्यासाठी ती ठीक. टोमॅटोला मात्र दिवसाचे सहा तास तरी चांगलं ऊन लागतंच, ते मिळालं नाही की पेरं लांब होतात, खोड बारीक, फूल कमी, तेच तुमच्याकडे झालंय. आपल्याकडे मार्केटमधे साधारण ३५, ५०, ७५ आणि ९० अशा नेट मिळतात, त्यातली टोमॅटोला ३५ किंवा ५० आणि विदर्भातला एप्रिल-मे म्हटलं तर मी ५०च सांगेन, पुण्या-नाशिकला ३५ वर भागतं. रंग मिळाला तर पांढरा घ्या, ती ऊन परत फेकते, काळी स्वतःच तापते. नाही मिळाला तर हिरवी चालेल, सिग्नलवर उन्हाळ्यात टू-व्हीलरवाल्यांसाठी बांधतात तशी. फक्त यूव्ही स्टॅबिलाइज्ड (उन्हाने लवकर विरू नये म्हणून प्रक्रिया केलेली) आहे का विचारून घ्या, नाहीतर एका उन्हाळ्यात तिचा भुगा होतो.

आता मुख्य गोष्ट. डाग आणि फूलगळ हे दोन वेगळे आजार आहेत आणि नेट फक्त पहिल्यावर चालते. डाग उन्हाचा चटका आहे, फळाच्या ज्या बाजूला थेट ऊन लागतं तिथलीच साल पांढरी-पिवळी पडते, मग कागदासारखी पातळ होऊन आत बसते आणि पुढे त्यावर काळी बुरशी धरते. (बुडाला काळा चट्टा असेल तर तो हा नाही, तो पाणी कमीजास्त झाल्याने कॅल्शियम न पोचल्याचा, त्याला नेटचा उपयोग नाही.) थेट उन्हातलं फळ हवेपेक्षाही दहा-एक डिग्री जास्त तापू शकतं, तो मार नेट अडवते. पण हवा? दोन-तीन डिग्री कमी झाली तरी नशीब. आणि फूल गळतं ते हवेच्या उष्णतेने. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २४-२५ च्या वर पारा राहिला की परागच नीट तयार होत नाहीत, फळ धरत नाही, दोन-तीन दिवसात देठ पिवळा पडून फूल खाली. नागपूरला मे महिन्यात रात्रीच २८ च्या आसपास असतं, तिथे कुठली नेट काय करणार! म्हणजे नेट लावायची ती झाड जगवायला आणि आधीच धरलेली फळं वाचवायला, नवीन फळं धरायला नाही. चेरी टोमॅटो असेल तर तो मोठ्या फळाच्या जातींपेक्षा उन्हाळ्यात थोडं बरं धरतो, सकाळी लवकर फुलांच्या घोसाला टिचकी मारत जा, पराग पडायला मदत होते.

लावायची कशी ते नीट सांगतो कारण निम्मं काम इथेच बिघडतं. गुंडाळू नका अजिबात, हवा कोंडते. पेंटच्या रिकाम्या बादल्यांत काँक्रीट भरून चार बांबू उभे करा आणि झाडाच्या शेंड्यापासून दोन-तीन फूट वर छत बांधा, बाजू मोकळ्या. पूर्वेचं सकाळचं ऊन दहा-साडेदहापर्यंत खाऊ द्या, झाडाला तेच हवंय. पश्चिमेला मात्र वेगळा तुकडा पडद्यासारखा, दुपारी सोडायचा, एरवी वर गुंडाळून ठेवायचा. नागपूरला २६ मेच्या सुमारास, म्हणजे नवतपा (मेअखेरचे सर्वात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतो तेव्हाच, दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, तेव्हा छताचं काम, पण तीननंतर ऊन तिरपं होऊन आडवं घुसतं आणि त्या दिवसांत सूर्य मावळतोही वायव्येकडे सरकून, त्यामुळे पडदा उत्तरेच्या कोपऱ्याकडे थोडा वळवून बांधा. कापलेली कड मेणबत्तीवर हलकी शेकून घ्या नाहीतर उसवत जाते. कड दुहेरी दुमडून मग नायलॉन दोरीने बांधा, सुतळी उन्हाने सडते. आणि एक बाजू झटकन सुटेल अशी गाठ ठेवा, अवकाळीचं वादळ आलं की नेट शिडासारखी फुगते आणि बांबूसकट सगळं शेजारच्या गच्चीवर.

खर्च नको असेल तर जुनी सुती साडी टाका, खरंच सांगतोय, सोलापूरकडे डाळिंबवाले अख्ख्या बागेवर जुन्या साड्या टाकतात. पातळ हवी फक्त, जरीकाठाची जाडजूड नको.

७५ ची काढाल ती संध्याकाळी काढा आणि त्याच वेळी ५० ची चढवा. सावलीला सरावलेली पानं एकदम एप्रिलच्या उन्हात आली तर एका दुपारीत करपतात. खालची पानं सोडून बाकी छाटू पण नका, फळावरची पहिली नेट म्हणजे पानंच.

ग्रोबॅग थेट स्लॅबवर असतील तर विटांवर चढवा आणि बाहेरून गोणपाट गुंडाळा, काळी बॅग असेल तर आतली मुळं शिजतात आणि आपण वर नेटची टक्केवारी मोजत बसतो. पाणी सकाळी लवकर, आणि पाइपातलं पहिलं पाणी बादलीत सोडून द्या, उन्हात पडलेल्या पाइपात ते चहाचं आधण असतं. नेटखाली माती आधीपेक्षा हळू सुकते, म्हणून बोट घालून बघून मगच द्या.

फळं लाल व्हायची वाट झाडावर बघू नका. ३०-३२ च्या वर लाल रंग तयार होणंच मंदावतं, फळ पिवळं-नारिंगीच राहतं आणि तोवर चटका बसतो. बुडाला गुलाबी झाक आली की तोडा, घरात सावलीत टोपलीत ठेवा, चार-सहा दिवसात लाल होतात. फ्रिजमधे नको.

पाऊस नीट लागला, साधारण जूनच्या मध्यानंतर, की टोमॅटोवरची नेट पूर्ण उतरवा, ढगाळ हवेत सावली ठेवली तर करपा (पानं करपवणारा बुरशीचा रोग) आलाच म्हणून समजा. आणि ती ७५ ची फेकू नका. मेच्या शेवटी निरोगी झाडाच्या बगलफुटी (पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारे फुटवे) वीतभर लांबीच्या तोडा (पानं आकसलेली, वळलेली असतील त्या झाडाच्या नकोत, तो पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस असतो), खालची पानं काढून ओल्या कोकोपीटमधे (नारळाच्या काथ्याचा भुसा) खोचा आणि त्या ट्रेवर ७५ ची नेट टाका, दहा-बारा दिवसात मुळं धरतात, पावसाळी लागवडीची रोपं फुकटात.