चार खोल्या दोन खोल्यांत कशा मावणार?

प्रश्न : ताई, येत्या दोन महिन्यांत आम्ही चार खोल्यांचं घर सोडून दोन खोल्यांत राहायला जातोय. जिना झेपत नाही, मुलं परगावी. निर्णय आमचाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण २६ वर्षांचं सामान! रोज दुपारी एक कप्पा उघडते, तासभर त्यातच रमते आणि संध्याकाळी सगळं होतं तसं आत ठेवते. ह्यांचं एकच, ‘असू दे, लागेल कधीतरी.’ मुलांच्या वह्या, पदकं, गिटार सगळं इथंच. विचारलं की ‘आई, टाकू नकोस हं’, एवढंच म्हणतात. आणि सासूबाईंचं पायाचं शिलाई मशीन! मला शिवता येत नाही, पण ते द्यायचं म्हटलं की पोटात कालवतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुम्ही सुरुवात चुकीच्या घरात केलीत, एवढंच. जुन्या घरात बसून कप्पा उघडला की प्रत्येक वस्तू आपल्याकडे बघते आणि तिच्या तोंडावर ‘तू नकोस’ म्हणणं कुणालाच जमत नाही. कप्पे पंधरा दिवस बंद ठेवा. किल्ली घेऊन नव्या घरी जा, रिकाम्या घरात. बरोबर टेप, चौकटींची वही आणि पेन्सिल.

भिंती मोजा. खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे, दारं कुठल्या बाजूला उघडतात, विजेचे पॉइंट कुठे आहेत, तेही लिहा. घरी येऊन फर्निचर मोजा. वहीत एक चौकट म्हणजे अर्धा फूट धरून खोल्या काढा आणि पलंग, कपाट, टेबल यांचे त्याच मापाचे कागदी तुकडे कापून मांडून बघा. हँगरला कपडे लावायचं कपाट आतून साधारण दोन फूट खोल लागतं, शिवाय त्याची दारं उघडायला जागा हवी. माणसाला अंग न चोरता चालायला अडीच ते तीन फूट हवेत. गुडघे दुखत असतील तर तीनच धरा. हा कागदी खेळ तासाभरात सांगतो की सहाजणांचं जेवणाचं टेबल येणार नाही. तुम्ही त्याला नाही म्हणायचं नाही, भिंतीनं म्हणायचं.

आणि जिन्याचं वळण मोजा. मी मोजलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी आम्ही असेच लहान जागेत आलो तेव्हा खोली मोजली, भिंत मोजली, कपाट तिथं चपखल बसणार होतं. ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. चार माणसं अर्धा तास त्याला उभं, आडवं, तिरकं करत होती, शेवटी ते खाली गेलं ते गेलंच. वळणावरच्या भिंतीवर हिरव्या रंगाचा ओरखडा अजून आहे. भाजीची पिशवी घेऊन चढताना रोज दिसतो. भुशाच्या दाबीव फळ्यांचं कपाट असेल तर ते सुटं करून नेऊ असंही लगेच म्हणू नका. त्यात स्क्रू दुसऱ्यांदा पहिल्यासारखा पकड घेत नाही, दारं लोंबायला लागतात. भरीव लाकडाचं सोसतं.

मी ३१ वर्षं ग्रंथपाल होते, त्यामुळे कुठलीही अडचण कपाटाच्या भाषेत बघायची खोड आहे. ग्रंथालयात पुस्तकं नुसती येत नाहीत, बादही करावी लागतात. त्याला आम्ही निर्लेखन म्हणतो. नव्या मुलींना वाटायचं, आता पुस्तक वाचून त्याची लायकी ठरवायची. छे! मी पुस्तक शेवटच्या पानाशी उघडायची. तिथे चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के असतात, जांभळे, थोडे तिरके. शेवटचा शिक्का कधीचा आहे ते बघितलं की निम्मा निकाल लागायचा. तुमच्या पातेल्यांना शिक्के नसतात, पण ‘शेवटचं कधी काढलं?’ हा प्रश्न ‘कधी लागेल का?’पेक्षा प्रामाणिक आहे. पुढच्या वापराबद्दल आपण सगळेच थापा मारतो, मागच्या वापराबद्दल तेवढ्या मारता येत नाहीत. दुसरा नियम, फळी तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरायची नाही. नव्या कपाटातली चौथाई पहिल्याच दिवशी रिकामी दिसली पाहिजे. ती आपोआप भरते, काळजी नको.

आता कप्पे उघडा, पण ज्यांत आठवण नाही असे आधी. जास्तीच्या चादरी, उपकरणांचे रिकामे खोके, कशाच्या ते कुणालाच माहीत नसलेल्या वायरी, झाकण हरवलेले डबे. इथं हात सरावतो. एका वेळी दीड तास, त्यापुढे डोकं चालत नाही आणि मग सगळंच ‘ठेवा’ होतं. जुन्या पावत्या पाहाल तर गुळगुळीत कागदावरच्या, उष्णतेनं छापलेल्या बऱ्याचशा कोऱ्या झालेल्या असतील, त्या सरळ फेका. वॉरंटी बाकी असलेल्यांची मात्र आजच प्रत काढा. फुगलेल्या बॅटऱ्या आणि पाऱ्याचा थर्मामीटर केरात टाकू नका, ते वेगळं द्यायचं असतं. घराची मूळ कागदपत्रं ट्रकमध्ये नाही, तुमच्या पिशवीत. पुस्तकं लहान खोक्यांत भरा. एक फूट लांब, रुंद, उंच खोकं पुस्तकांनी भरलं तर १५ ते १८ किलो सहज होतं. मोठं भरलंत तर तळ फाटेल नाहीतर कुणाची तरी कंबर जाईल.

फोटो आणि पत्रं सगळ्यात शेवटी. ती आधी घेतलीत तर दोन महिने त्यातच जातील, आणि जाऊ द्यावेसेही वाटतील.

विकायला काढाल तेव्हा मनातली किंमत कुणी देणार नाही. रागावू नका. १९९० साली कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना साधे मग दिले आणि कितीला विकाल विचारलं, ज्यांच्याकडे मग नव्हते त्यांना कितीला घ्याल विचारलं. काही मिनिटांपूर्वी हातात आलेल्या मगाला मालकांनी दुपटीहून जास्त किंमत लावली. तुमचं टेबल तर २६ वर्षं तुमचं आहे.

तुमच्या ह्यांचं म्हणाल तर त्यांच्या वस्तू तुम्ही निवडू नका. त्यांना वस्तू विचारू नका, जागा द्या. ‘ही तीन फुटांची फळी आणि पलंगाखालची एक पेटी तुमची, आत काय ते तुमचं तुम्ही बघा.’ आमच्या ह्यांनी त्या तीन फुटांत बंद पडलेले दोन रेडिओ ठेवले आणि तीन स्वेटर देऊन टाकले. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण थोडंच.

मुलांशी मात्र कडक व्हा. ‘टाकू नकोस’ म्हणजे ‘तू सांभाळ’, आणि सांभाळायला आता खोली नाही. प्रत्येकाला एक खोकं आणि एक तारीख सांगा. व्हिडिओ कॉलवर वही-वही दाखवत बसू नका, त्यानं गळे दाटतात आणि खोकी वाढतात. उरलेल्याचे फोटो काढून पाठवा. फोटोचा उपयोग होतो हे अंदाजानं सांगत नाहीये. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यापीठाच्या वसतिगृहांत वस्तू दान करायचं आवाहन केलं होतं. जिथे ‘आवडत्या वस्तूचा आधी फोटो काढा’ असंही सुचवलं, तिथून सुमारे १५ टक्के जास्त वस्तू आल्या. गिटार ज्याची त्यानं न्यावी किंवा वाजवणारा शोधावा.

राहिलं मशीन. तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त जीव त्या ओळीत आहे, म्हणून ते मी शेवटी घेतलं. आधी ते चालतं का बघा. पट्टा चामड्याचा असेल तर वाळून सैल झाला असेल, तो बदलता येतो. तेलाच्या छिद्रांत थेंब थेंब तेल सोडा, चाक हातानं हळूहळू फिरवा. चालत असेल तर शिवणाऱ्या हातात द्या. शिवायला नुकतीच शिकलेली एखादी मुलगी, कपडे लहानमोठे करून देणारी एखादी बाई. शोभेचं टेबल करायला कुणी मागितलं तर माझं मत विचाराल तर देऊ नका. पण ते माझं मत, मशीन तुमचं.

आणि देण्याआधी त्याचा बाजूचा छोटा ड्रॉवर उघडा. बॉबिनी असतील, एखादं अंगुस्तान, खडूचा झिजलेला तुकडा, कदाचित सासूबाईंच्या हातच्या मापांची चिठ्ठी. मशीनच्या कामाच्या बॉबिनी मशीनबरोबर जाऊ द्या. बाकीचं तुमचं. ते एका लहान डब्यात मावतं, मोजायची गरज नाही.