ज्वालामुखीच्या बेटावर उंची लाउंज बार डिझाइन करायचाय, सुरुवात कुठून करू?

पुण्यात इंटिरियर शिकताय आणि प्रोजेक्टला स्पेनच्या कॅनरी बेटांमधलं लान्झारोते मिळालंय, तर मूडबोर्ड (रंग-कापडांच्या नमुन्यांचा फलक) तूर्तास बाजूला ठेवा. आधी तिथलाच कलाकार सेझार मान्रिके याचं हामेओस देल आग्वा नीट अभ्यासा. लाव्हाच्या बोगद्याचं छत जिथे कोसळलं, तिथेच त्याने १९६०च्या दशकात बार-रेस्टॉरंट बसवायला घेतलं. भिंत आयती, काळ्या दगडाची. आतल्या खाऱ्या तळ्यात इवलेसे आंधळे, पांढरे खेकडे राहतात आणि पाण्यात नाणी टाकायला बंदी आहे, कारण धातूने ते मरतात. म्हणजे निसर्ग नुसता 'व्ह्यू' नाही, त्याचे नियम आधी.

लान्झारोतेची तिकिटं काढणं सगळ्यांना जमत नाही, पण जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर लेणं आहेच. तेही बेसॉल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड. भर दुपारी उन्हातल्या अंगणातून आत जा आणि डोळ्यांना सरावायला किती वेळ लागतो ते बघा. तुमच्या बारच्या प्रवेशाचा अंधार तेवढा लांब ठेवा. (स्केचबुक न्या, फोन नको.)

बसायची जागा? लान्झारोतेच्याच ला हेरिया भागात द्राक्षवेली वाऱ्यापासून वाचवायला राखेत खड्डे खणून अर्धगोल दगडी बांध घालतात. सोफ्यांसाठी तोच आराखडा उचला. दगडात आवाज घुमतो, म्हणून गाद्या आणि कापड सढळ वापरा. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजतं, ३१६ ग्रेडचं स्टेनलेस घ्या.

आणि ते निळे एलईडी कृपया नकोत.