कोणाला काय दिसतंय, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नववीतला मुलगा आणि त्याचा आतेभाऊ बीजीएमआय (मोबाइलवरचा, टीम करून खेळायचा नेमबाजीचा गेम) खेळताना एकमेकांवर नुसते खेकसतात. मग ‘एकत्र गेम खेळून टीमवर्क येतं’ असं लोक कशाच्या जोरावर म्हणतात? आणि घरात सगळ्यांनी मिळून खेळायला काय घ्यावं? असले गेम घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर आणि अनोळखी लोकांबरोबरही बरीच वर्षं खेळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेम निवडताना मी एकच गोष्ट बघतो: माहिती कोणाकडे आहे? सगळ्यांना सगळं दिसत असेल तर बोलायची फारशी गरजच पडत नाही, आणि ज्याचा हात तयार तो बाकीच्यांना हुकूम सोडायला लागतो. एकाला दिसतंय ते दुसऱ्याला दिसत नसेल, तर मात्र तोंड उघडावंच लागतं, तेही विचार करून.

याचं चोख उदाहरण म्हणजे ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’. कॅनडातल्या स्टील क्रेट गेम्सचा, 2015 सालचा. एकासमोर स्क्रीनवर बॉम्ब असतो, तो निकामी कसा करायचा याचं मॅन्युअल बाकीच्यांच्या हातात. बॉम्बवाल्याने मॅन्युअल बघायचं नाही, मॅन्युअलवाल्यांनी स्क्रीन बघायची नाही. नवखा माणूस बॉम्बच्या वायरी बघून ‘लाल आहे, निळी आहे, मग पुन्हा निळी...’ असं भडाभडा सांगत सुटतो. पण मॅन्युअलमधले नियम वायरींच्या संख्येप्रमाणे लावलेले आहेत. तीन वायरी असतील आणि त्यांत लाल एकही नसेल तर दुसरी कापा. चार असतील, लाल एकीपेक्षा जास्त असतील आणि बॉम्बवरच्या सिरियल नंबरचा शेवटचा अंक विषम असेल, तर शेवटची लाल कापा. म्हणजे ‘वायरी किती?’ हे आधी कळल्याशिवाय पुढचं सगळं वाया. काही डाव झाले की मॅन्युअलवाला हे आधी विचारतो, आणि आणखी काही डावांनी बॉम्बवाला न विचारताच ‘चार वायरी, सिरियल विषम’ अशी सुरुवात करतो. समोरच्याला आत्ता काय हवंय याचा अंदाज घेऊन बोलणं, हे मला या गेममधलं खरं शिक्षण वाटतं.

त्यातला चिन्हांचा कीपॅड तर धमाल आहे. चार विचित्र चिन्हं, ती मॅन्युअलमधल्या क्रमाने दाबायची. ‘चांदणी’ म्हणालात तर फसलात, कारण मॅन्युअलमध्ये पोकळ चांदणी आहे तशी भरीवही आहे. पोटात टिंब असलेल्या चंद्रकोरीही दोन, एकमेकींकडे पाठ केलेल्या. काही दिवसांत प्रत्येक घराची आपापली नावं ठरतात आणि ती बाहेरच्याला अजिबात कळत नाहीत. चूक झाली की स्ट्राइक मिळतो, घड्याळ जास्त वेगाने पळू लागतं आणि नेहमीच्या बॉम्बला तिसऱ्या स्ट्राइकला धडाम. आवाज चढला की मॅन्युअलवाल्याची ओळ चुकते आणि वेळ आणखी जातो, हे मुलांना न सांगता कळतं.

‘ओव्हरकुक्ड’ (2016) नेमका उलटा. दोन ते चार जण एकाच स्क्रीनवर, एकाच स्वयंपाकघरात. चिरायचं, शिजवायचं, वाढायचं, ताटल्या धुवायच्या. सगळं सगळ्यांना दिसतं, म्हणून इथे एक जण हमखास मुकादम होतो. पण गेम बनवणाऱ्यांनी त्यावर छान तोडगा काढलाय: स्वयंपाकघरच जागेवर राहत नाही. एके ठिकाणी ते चालत्या ट्रकांवर आहे. ट्रक लांब गेले की चिरणारा इकडे आणि सामान तिकडे. ठरवलेली वाटणी तिथल्या तिथे मोडते आणि मुकादमाला सगळीकडे लक्ष देता येत नाही. मग ‘कांदा ठेवलाय’, ‘भांडं जळतंय, मी घेतो’ अशी छोटी वाक्यं सुरू होतात. ताटल्या धुवायला मात्र तिथेही कोणी आपणहून जात नाही.

आता बीजीएमआय. चौघांचं स्क्वॉड, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. ‘अरे तिकडे आहे, तिकडे!’ याचा उपयोग शून्य. म्हणून तर स्क्रीनवर वर होकायंत्राची, अंशांचे आकडे असलेली पट्टी दिली आहे. ‘एकशे वीसला दोघं, भिंतीमागे’ एवढं पुरतं. मार्कर टाकला, म्हणजे जागेवर सगळ्यांना दिसेल अशी खूण केली, तर तेही नको. 2019 मध्ये आलेल्या ‘एपेक्स लेजंड्स’ या तशाच टीमच्या नेमबाजीच्या गेमने एका बटणाने शत्रू, बंदूक, जागा दाखवायची सोय इतकी नेटकी केली की माइक बंद ठेवूनही अनोळखी लोकांबरोबर बरं खेळता येऊ लागलं. मुलींना तर याचा फार उपयोग. माइकवर मुलीचा आवाज ऐकून जी छेडछाड सुरू होते ती सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा तुमच्या मुलांचं खेकसणं मला बिघाडाचं लक्षण वाटत नाही. नॉक झाल्यावर, म्हणजे गोळ्या लागून खाली पडल्यावर, ‘तू कव्हर का नाही दिलंस?’ हे चालायचंच. ‘कव्हर दे’ हे आधी सांगितलं होतं का, एवढं विचारून बघा.

हे सगळं शाळेच्या प्रोजेक्टमध्ये किंवा पुढे नोकरीत उतरतं का? मी तसा दावा करणार नाही. माझा अनुभव एवढाच की एकत्र खेळणारी माणसं *एकमेकांशी* नीट बोलायला शिकतात. नवीन माणूस आला की पुन्हा शून्यापासून.

खरेदीचं म्हणाल तर बॉम्बवाल्या गेमपासून सुरुवात करा. कॉपी एकच लागते, मॅन्युअल फुकट उतरवून छापता येतं आणि मॅन्युअलवाल्याला कंट्रोलर धरावा लागत नाही, त्यामुळे आजी-आजोबाही बसू शकतात. मॅन्युअल इंग्रजीत वाचून बोलायचं मराठीत, याला सुरुवातीला वेळ लागेल, तेवढी सोपी लेव्हल घ्या. दोघा भावांना नंतर ‘इट टेक्स टू’ (2021) द्या. तो दोघांशिवाय चालतच नाही. एकाकडे खिळे, दुसऱ्याकडे हातोडी, असं प्रत्येक टप्प्यात सामान वेगळं. एकाने गेम घेतला की दुसऱ्याला फ्रेंड्स पासवर फुकट खेळता येतं. गोष्ट मात्र घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आईवडिलांची आहे, हे आधी माहीत असू द्या.

आणि पहिल्या दिवशी मुलाला बॉम्बपुढे बसवू नका, मॅन्युअल त्याच्या हातात द्या. बॉम्ब तुम्ही घ्या.