पहिलं बाळंतपण माहेरी न करता आमच्याच घरी करायचं ठरलंय. घरात आम्ही दोघंच. नवऱ्याने काय तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की बायकोला सातवा लागलाय, आई पंधरा दिवसच येऊ शकेल आणि तुम्हाला चहापलीकडे स्वयंपाकातलं काही येत नाही. आमचंही असंच होतं. हिचं माहेर परभणीचं. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यात नवव्या महिन्यात रात्रभराचा रेल्वेप्रवास नको वाटला. म्हणून पुण्यात सिंहगड रोडवरच्या दोन खोल्यांतच बाळंतपण करायचं ठरवलं. मुलगी आता दीड वर्षाची आहे. त्या दिवसांतून मला कळलेली एकच गोष्ट सांगायची तर ही: बाळाकडे बघायला सगळे असतात, बाळंतिणीच्या झोपेकडे बघणारं कुणी नसतं. ते काम तुम्ही घ्या. बाकीची सगळी तयारी त्यासाठीच.

आधी स्वयंपाक, कारण तो शिकायला वेळ लागतो. मी सातव्या महिन्यापासून रोज संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे घेतला. पहिले पंधरा दिवस वरण-भात आणि मुगाची खिचडीच. मग भाकरी, दुधी, मेथी. आई फोनवर सांगायची, मी करायचो. डिंकाचे लाडूही तसेच शिकलो. तूप नीट तापलं नसेल तर डिंक आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. थोडा थोडा टाकून पूर्ण फुलू द्यायचा. हे लाडू आधी करून ठेवता येतात. अळिवाचे मात्र नाही. त्यात ओलं खोबरं असतं, ते दोन-चार दिवसांचेच करायचे. ही कामं बाळ आल्यावर शिकू म्हणालात तर प्रत्येक वेळी 'हळद कुठाय' विचारायला तिलाच उठवाल.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. आईच्या जुन्या सुती साड्या धुऊन, उन्हात वाळवून दुपटी आणि लंगोट शिवून घेतले. दिवसाला पंधरा-वीस लंगोट सहज लागतात. आमची मुलगी जुलैतली. पुण्याच्या पावसात लंगोट दोन-दोन दिवस वाळेनात, म्हणून स्वयंपाकघरात पंख्याखाली दोरी बांधली आणि रोज रात्री इस्त्री फिरवली. तुमची तारीख पावसाळ्यातली असेल तर ही सोय आत्ताच करा. नव्या झबल्यांच्या मागे लागू नका, ती आहेरात येतात.

आता रजा. खासगी नोकरीत बायकोला पहिल्या बाळासाठी कायद्याने २६ आठवडे मिळतात, त्यातले जास्तीत जास्त ८ आधी घेता येतात. बापासाठी खासगीत कायद्याची अशी रजा नाही. मी साठवलेल्या बारा दिवसांची रजा दोन तुकड्यांत घेतली, पाच दिवस बाळ झाल्यावर आणि सात दिवस आई गावी गेल्यावर. कळकळीने सांगतो, आई घरात असताना सगळी रजा संपवू नका. घर खरं उघडं पडतं ते सोळाव्या दिवशी.

आणि आता ती रात्र, जिच्यामुळे मी हे उत्तर लिहायला बसलो. बाळ चौथ्या दिवशीचं होतं. दवाखान्यातून घरी येऊन एकच दिवस झाला होता. रात्री दोनला बाळ छातीशी यायचं, दोन घोट घ्यायचं, तोंड सोडून किंचाळायचं. हिच्या स्तनाग्रांना चिरा पडलेल्या. ती भिंतीला टेकून, मांडीवर दुपटं घेऊन बसली होती आणि डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. आवाज नाही, काही नाही. मी विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "मला दूधच नाहीये. मला जमत नाहीये." संध्याकाळी आलेल्या दोन पाहुण्या हेच बोलून गेल्या होत्या: बाळ बारीक दिसतंय, वरचं दूध सुरू करा. मी चपला घालून पावडरचा डबा आणायला निघालो होतो. आईने थांबवलं. म्हणाली, "सकाळ होऊ दे, डॉक्टरांना विचारू."

सकाळी वजन केलं. जन्मताना २ किलो ७०० ग्रॅम होती, ती २ किलो ४८० भरली. माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी समजावलं की पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन सात-आठ टक्के उतरलं तर ते चालतं, दहाच्या वर गेलं तर काळजी. साधारण दोन आठवड्यांत ते भरून येतं. मग तिथल्या सिस्टरनी हिच्या शेजारी बसून दाखवलं. बाळाने नुसतं स्तनाग्र तोंडात घेतलं तर आईला चिरा पडतात आणि बाळाचं पोटही भरत नाही. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, मग भोवतालचा काळसर भागही तोंडात जाईल असं बाळाला जवळ घ्यायचं, हनुवटी छातीला टेकलेली हवी. उशी कुठे लावायची, बाळाचं अंग सरळ कसं ठेवायचं, हे मी बघून घेतलं. कारण रात्री ते मलाच करायचं होतं. चौदाव्या दिवशी वजन २ किलो ७४० झालं. पावडरचा डबा लागला नाही. काही बाळांना खरंच लागतो आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण तो निर्णय डॉक्टरांचा असावा, पाहुण्यांचा नको.

त्या दिवसापासून मी एक वही केली. फ्रिजच्या मुठीला दोरीने पेन बांधून ठेवलं. रकाने तीन: किती वाजता प्यायली, शू-शी किती वेळा झाली, आणि तिसरा 'आईची झोप'. पहिले दोन रकाने डॉक्टरांसाठी. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ दिवसाला निदान सहा वेळा शू करत असेल तर दूध पोचतंय. तिसरा रकाना माझ्यासाठी. पहिल्या दिवशी तिथे लिहिलं, साडेतीन तास. चोवीस तासांत साडेतीन तास. तिला 'जमत' नव्हतं ते यामुळे.

मग रात्रीची वाटणी ठरली. पाजणं तिचं. पाजून झालं की बाळ माझ्याकडे: ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन झोपवणं. तिने तेव्हाच आडवं व्हायचं. दुपारी दोन ते चार दाराची बेल बंद. पाहुण्यांना मीच फोन करून सांगायचो, "बारशाला या, सध्या दोघींना आराम सांगितलाय." काही जण रागावले. नंतर तेही आले, बाळाला मांडीवर घेऊन बसले.

आईशी दोन गोष्टींवर बोलावं लागलं, आणि ते मुलानेच बोलायचं असतं, सुनेवर सोडायचं नाही. एक, शेगडीची धुरी. इवल्या छातीत तो धूर नको. आईने ऐकलं, हिची कंबर गरम पाण्याच्या पिशवीने शेकली. दुसरं, मध आणि गुटी. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षभर नाही. तान्ह्या बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते. बाकी मालिश, न्हाऊ-माखू, टोपडं, सगळं आईच्या हाताने झालं आणि ते सुंदरच झालं. पाय पसरून, त्यावर नातीला घेऊन ती पाणी घालायची तेव्हा मी रोज दारात उभा राहून बघायचो. सतराव्या दिवशी तेच हात मला चालवायचे होते.

हिचं रडू दहा-अकरा दिवसांत थांबलं. बाळंतिणीला असं होतं, बहुतेकींचं दोन आठवड्यांत निवळतं. तुमच्याकडे त्याहून लांबलं, किंवा तिला बाळाकडे बघावंसंही वाटेना, झोप मिळूनही झोप येईना, तर थांबू नका, डॉक्टरांना सांगा. सरकारची १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, तीही चालते. 'सगळ्या बायका करतात' हे वाक्य घरात कुणालाही बोलू देऊ नका.

जन्मनोंद २१ दिवसांत व्हावी लागते. दवाखान्यात झालेल्या जन्माची ते कळवतात, तरी एकदा विचारून घ्या. नाव ठरलं नसेल तरी नोंद होते.

आई गेली त्या रात्री मी घाबरलो होतो. अडीचला बाळ उठलं. हिने पाजलं, मी घेतलं, ढेकर निघेपर्यंत स्वयंपाकघरात इस्त्री केलेल्या लंगोटांच्या दोरीखाली फेऱ्या मारल्या. परत खोलीत आलो तर ही गाढ झोपलेली. सकाळी वहीत लिहिलं: सहा तास.