भेगेवर १४ लाख घालण्याआधी पॉलिसीचं पहिलं पान वाचा

प्रश्न : मराठवाड्यात तालुक्याच्या गावी काळ्या मातीच्या प्लॉटवर आम्ही २०१९ मध्ये घर बांधलं. गृहकर्ज ३० लाखांचं, २० वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी. हप्ता २७,६०० रुपये, अजून २७ लाख बाकी आहेत. मागच्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपी भेग गेली आहे. तीनदा भरून घेतली, पण दर उन्हाळ्यात उघडते. पावसाळ्यात थोडी मिटते. त्याच कोपऱ्यात बाथरूमचा चेंबर आहे, गच्चीचा पाइपही तिथंच उतरतो आणि आठेक फुटांवर कडुलिंब आहे. पाया खचला असून घराभोवती मायक्रोपाइल (पायाला आधार देणारे, जमिनीत खोल जाणारे बारीक खांब) मारावे लागतील, असं ठेकेदाराचं म्हणणं. खर्च १४ लाख. घराचा विमा बँकेनं कर्जासोबतच काढून दिला होता. १.८ लाखांचा प्रीमियम कर्जातच धरला होता, त्यामुळे क्लेम मिळेलच. तोवर १४ लाखांचं टॉप-अप (चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज) घ्यावं, की ९ लाखांची एफडी मोडून उरलेल्यासाठी कर्ज काढावं? पाया पक्का झाला की वर मजला चढवणार आहोत. १८ लाख लागतील, १२ हजार भाडं येईल आणि त्यातून हप्ता निघेल. माझं वय ४६, घरखर्च ४५ हजार, मुलगी बारावीत. दुसरा कुठला विमा नाही.

उत्तर : टॉप-अप की एफडी, हे सांगतोच. पण तुमचा सगळा बेत ‘क्लेम मिळेलच’ या दोन शब्दांवर उभा आहे, त्यामुळे आधी तिथं यावं लागेल.

तुमच्याकडे घराचा विमा नाही, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. तुमच्या घराएवढ्या बांधकामाच्या विम्याला वर्षाला फार तर काही हजार रुपये लागतात, १.८ लाखांचा एकरकमी प्रीमियम त्याचा नसतो. तो असतो कर्जाला जोडलेल्या जीवन विम्याचा. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज त्यातून फिटतं. भिंत फाटली, पाया खचला, घर जळालं, तरी त्यातून एक रुपया मिळत नाही. पॉलिसी काढा आणि पहिलं पान वाचा. कंपनीच्या नावात ‘लाइफ’ असेल आणि विमा रक्कम दरवर्षी घटत जाणारी असेल, तर विषय तिथंच संपला.

हे तुमच्या हप्त्यातही दिसतं. ३० लाखांना साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी हप्ता येतो साधारण २६ हजार. तुम्ही भरता २७,६००. वरचे दीड हजार आणि काही रुपये त्या प्रीमियमचे आहेत. २० वर्षांत १.८ लाखांच्या पॉलिसीचे पावणेचार लाख होतात. कर्जाच्या सह्या चालू असताना ‘हा घराचा विमा, घ्यावाच लागतो’ असं सांगून हे गळ्यात मारलं जातं. अशा फायली माझ्यासमोर आल्या की मला संताप येतो, कारण माणूस वर्षानुवर्षं आपलं घर सुरक्षित आहे असं समजून निर्धास्त राहतो. बँक सांगेल तीच पॉलिसी घेण्याचं कुठलंही बंधन नसतं. लेखी तक्रार जरूर करा, पण सहा वर्षांनी पैसे परत येतील असं धरून काही ठरवू नका.

आणि घराचा खरा विमा असता तरी? १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देतात. तिच्यात आग, पूर, भूकंप यांच्यासोबत जमीन खचणंही येतं. पण नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि तडे, भराव घातलेल्या जमिनीची हालचाल, सदोष रचना किंवा सदोष काम यांतून झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं आहे. काळ्या मातीवर वर्षानुवर्षं हळूहळू उघडमीट करणाऱ्या भेगेला क्लेम मिळेल, या आशेवर मी तरी एक रुपयाचं कर्ज काढू देणार नाही.

आता ते १४ लाख. तुमच्या घराचा पाया खचला, हे कोणी ठरवलं? पाइल मारणाऱ्यानं. त्याचं म्हणणं चुकीचंच असेल असं नाही, पण तुमच्या पत्रातली लक्षणं मला वेगळं काही सुचवतात. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा तुम्ही लहानपणापासून पाहिल्या असतील. तीच माती घराखाली आहे. पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर ऋतूप्रमाणे घर हलतं. सगळं घर सारखं हललं तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा वेगळा हलला की भिंत तिरपी फाटते, आणि ती बहुधा खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून, कारण भिंत तिथंच कमकुवत असते.

तुमच्या त्या एका कोपऱ्यात बाथरूमचा चेंबर, गच्चीचं पाणी आणि पाणी ओढणारं झाड, तिन्ही एकत्र आहेत. चेंबर गळत असेल तर माती तिथंच मऊ होते, पावसाळ्यात गच्चीचं सगळं पाणी पायाशी मुरतं आणि उन्हाळ्यात कडुलिंब उरलीसुरली ओल ओढून घेतो. हे आहे तसं ठेवून पाइल मारले तर उद्या दुसरी भिंत फाटू शकते.

म्हणून आधी मोजा. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू पक्का बसवा आणि त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरनं (बारीक माप घेणाऱ्या पट्टीनं) दर महिन्याला मोजून तारखेसह वहीत लिहा. भेगेची सर्वांत रुंद जागाही मोजा. साधारण ५ मिलिमीटरपर्यंतची भेग दिसायला वाईट, पण बहुतेक वेळा घराला धोका नसलेली. १५ च्या पुढे गेली की गंभीर. गवंड्याकडून लेव्हल ट्यूब (पातळी पाहायची पाण्याची नळी) लावून चारही कोपऱ्यांची फरशी तपासा. दारं अडकतात का, फरशी आणि स्कर्टिंगमध्ये फट पडली आहे का, तेही नोंदवा. विटांची भिंत आणि बीम-कॉलम यांच्या सांध्यावरची सरळ रेषेतली भेग या हिशेबात धरू नका. दोन वेगळ्या मालांच्या जोडावर ती पडतेच. मात्र खुद्द बीम किंवा कॉलम फाटला असेल, भिंत कललेली दिसत असेल किंवा भेग आठवड्या-आठवड्याला वाढत असेल, तर मोजत बसू नका. त्या खोलीचा वापर थांबवून लगेच इंजिनीअरला बोलवा.

इंजिनीअर म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनीअर, फी घेऊन अहवाल देणारा, पाइल न विकणारा. पायाशी चाचणी खड्डा घेऊन पाया कुठवर गेला आहे आणि मुरूम किती खोल आहे ते त्याला पाहू द्या. माती परीक्षणासह ५० हजार धरा. चेंबर दुरुस्त करणं किंवा हलवणं, गच्चीचा पाइप लांब नेऊन सोडणं आणि घराभोवती बाहेर उतार असलेलं मीटर-दीड मीटर रुंद प्लिंथ प्रोटेक्शन, म्हणजे पाणी पायापासून दूर नेणारा पक्का पट्टा, करणं, याला दीड लाख धरा. दर गावागणिक थोडे वरखाली होतील. कडुलिंब मात्र घाईनं तोडू नका. मोठं झाड एकदम गेलं की त्यानं कोरडी ठेवलेली माती पाणी पिऊन फुगते आणि कोपरा उलट वर उचलला जातो. झाडाचं काय करायचं ते इंजिनीअरला ठरवू द्या.

हे दोन लाख एफडीतून काढा. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा मापं घ्या. उरलेल्या ७ लाखांना हात लावू नका. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ७३ हजार होतात. सहा महिन्यांचे साडेचार लाख बाजूला राहिलेच पाहिजेत. उरतात अडीच लाख, ते मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी. एफडी मोडून पाइल मारले असते तर जूनमध्ये फीसाठी वैयक्तिक कर्ज काढावं लागलं असतं.

वर्षभरानं हालचाल थांबली नाही आणि इंजिनीअरनं लेखी सांगितलं की पाया खाली न्यावाच लागेल, तर टॉप-अप घ्या, एफडी नाही. १४ लाखांना ९ टक्क्यांनी १४ वर्षांसाठी हप्ता १४,७०० होतो, एकूण परतफेड पावणेपंचवीस लाख. पण एका बाजूचंच काम निघालं आणि ते साडेचार लाखांत बसलं, तर हप्ता ४,७०० वर येतो. हा फरक कळण्यासाठीच ते ५० हजार आहेत. एक कोपरा खोलवर टेकवला आणि बाकीचं घर मातीबरोबर हलत राहिलं तर सांध्यावर नवी भेग पडू शकते. त्यामुळे ‘किती भागाला’ याचं उत्तरही अहवालात मागा. पायाखाली खणून आधार देणार असतील तर छोटे छोटे टप्पे, एक सोडून एक. सलग खणू देऊ नका. पैसेही टप्प्यानंच द्या. टॉप-अपवर करसवलतीची आशा धरू नका. तुमचं चालू व्याजच वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास आहे, म्हणजे जुन्या करप्रणालीतली २ लाखांची मर्यादा भरलेली आहे. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला सवलतच नाही.

वरचा मजला चढवू नका. हलत्या पायावर आणखी वजन टाकणं धोक्याचं आहे, आणि आकडेही जमत नाहीत. १८ लाखांवर ९ टक्के म्हणजे वर्षाला १ लाख ६२ हजार नुसतं व्याज. भाडं येणार १ लाख ४४ हजार, तेही बारा महिने भाडेकरू राहिला तर. मुद्दल, रिकामे महिने, रंगरंगोटी यांचं काय?

ती कर्जाची पॉलिसी आत्ता बंद करू नका. तुमच्या माघारी कुटुंबाला आधार देईल असं तुमच्याकडे आज तेवढंच आहे, आणि ते पैसेही बँकेलाच जातील. ४६ व्या वर्षी, मुलगी शिकत असताना, किमान एक कोटीचा साधा टर्म विमा आधी घ्या. तो हातात आला की या पॉलिसीचं सरेंडर मूल्य, म्हणजे ती मध्येच बंद केल्यास परत मिळणारी रक्कम, लेखी विचारा. सोबत ‘भारत गृह रक्षा’ही घ्या, आगी-पुरासाठी. आत्ताची भेग त्यात बसणार नाही, आणि बसेल असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून घेऊ नका.