ठेव मोडू नका, पण अंटार्क्टिकाला जरूर जा

साताऱ्यातल्या शाहूपुरीतून एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलंय: छोट्या जहाजाने अंटार्क्टिकाला जायला दोघांचे 23 लाख लागतील. त्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतले 20 लाख मोडू का? म्युच्युअल फंडात 32 लाख आहेत, पण ते वाढतायत म्हणून त्यांना हात लावायचा नाही. शिवाय 6 लाखांची एफडी, 48 हजार पेन्शन, घर स्वतःचं.

सर, बेत उत्तम आहे, पैसे मात्र चुकीच्या खिशातून काढताय. खातं उघडून दोन वर्षं झालीत, म्हणजे मोडल्यास 1 टक्का, 20 हजार कापले जातील. ते सोसता येईल. पण 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला येणारे 41 हजार कायमचे थांबतील. उद्या तुमच्यामागे वहिनींना मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन तुमच्या पेन्शनपेक्षा बरंच कमी असेल. तेव्हा ही ठेव त्यांच्या हातखर्चाची आहे असंच धरा.

पैसे फंडातून काढा, तेही दोन हप्त्यांत: काही मार्चमध्ये, उरलेले एप्रिलमध्ये. इक्विटी फंडावरचा दीर्घकालीन नफा प्रत्येकाला वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त असतो, त्यापुढच्या नफ्यावर 12.5 टक्के कर. फंड दोघांच्या नावावर वेगवेगळे असल्याने दोन आर्थिक वर्षांची सूट दोघांनाही मिळेल. काढलेली रक्कम लगेच बँकेत ठेवा. वर्षभरात लागणारा पैसा बाजारात ठेवणं मला पटत नाही. 6 लाखांच्या एफडीला हात नको, ती दवाखान्यासाठी.

आता जहाजाचं. तुम्हाला स्वस्त वाटलेल्या दुसऱ्या पॅकेजमध्ये किती प्रवासी आहेत ते आधी विचारा. तिथल्या पर्यटन कंपन्यांच्या संघटनेचा, आयाटोचा नियम आहे: एका ठिकाणी एका वेळी 100 पेक्षा जास्त पर्यटक किनाऱ्यावर उतरवायचे नाहीत, आणि 500 पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजाने कुणालाच उतरवायचं नाही. म्हणजे जहाज तेवढं मोठं असेल तर त्याच्या कठड्यावरूनच पेंग्विन बघावे लागतील. शंभरेक प्रवाशांच्या जहाजाला जास्त पैसे मोजावेत ते याचसाठी. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. डिसेंबर-जानेवारीचा हट्ट सोडलात तर मार्चमधलं भाडं सहसा कमी असतं, आणि देवमासे तेव्हा चांगले दिसतात.

पॅकेज भारतातल्या कंपनीकडून घेतलंत तर टीसीएस, म्हणजे कंपनी पॅकेजच्या रकमेवर आधीच वसूल करते तो कर, भरावा लागेल. प्राप्तिकर विवरणपत्र भरताना तो वळता होतो, म्हणून बिल तुमच्या पॅनवर घ्या. भाडं डॉलरमध्ये आहे. रुपया घसरला तर फरक कोण भरणार, आणि रद्द केल्यास कोणत्या तारखेनंतर किती कापणार, हे लेखी घ्या. विमा घेताना अंटार्क्टिकातून रुग्णाला हलवण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला हवा. तिथे दवाखाना नाही, आणि अर्जेंटिनातल्या उश्वाया बंदरातून निघाल्यावर ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायलाच साधारण दोन दिवस जातात.

वहिनी आजही अजिंक्यतारा चढतात असं लिहिलंय. हलत्या रबरी बोटीतून किनाऱ्यावर उतरायला असेच गुडघे लागतात. म्हणून पाच वर्षं थांबू नका, पुढच्याच हंगामाचं बुकिंग करा.