‘.एक्सरिसोर्सेस’ या सेटिंगच्या फाइलमध्ये फॉन्ट बदलला, तरी दूरच्या मशीनवरून उघडलेल्या एक्सटर्ममध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) जुनाच का दिसतो?

फाइल नुसती सेव्ह करून भागत नाही. ज्या मशीनसमोर बसला आहात तिथे ‘एक्सआरडीबी -मर्ज ~/.एक्सरिसोर्सेस’ ही कमांड चालवा आणि मग एक्सटर्म नव्याने उघडा. एक्स विंडो सिस्टिममध्ये (लिनक्स-युनिक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या यंत्रणेत) सर्व्हर असतो तो तुमच्या स्क्रीनपाशी (नवख्यांना हे हमखास उलटं वाटतं), प्रोग्रॅम मात्र नेटवर्कवर कुठेही चालतो. एक्सआरडीबी तुमच्या आवडीनिवडी सर्व्हरच्या रूट विंडोवर (सगळ्या खिडक्यांमागच्या मूळ खिडकीवर) ‘रिसोर्स_मॅनेजर’ या प्रॉपर्टीत, म्हणजे नोंदीत, ठेवतं. कुठल्याही मशीनवरचा एक्सटर्म सुरू होताना तिथूनच त्या वाचतो. आधीपासून उघडी असलेली खिडकी त्यामुळे बदलत नाही. ती प्रॉपर्टीच नसेल, तर एक्सटर्म ज्या मशीनवर चालतो तिथलीच ‘.एक्सडिफॉल्ट्स’ ही फाइल वाचतो, आणि जुना फॉन्ट बहुधा तिथेच दडलेला असतो.

एवढं करूनही फरक पडला नाही तर:
- ‘एक्सआरडीबी -क्वेरी’ने सर्व्हरवर खरंच काय पोचलंय ते बघा.
- रिमोटवर (दूरच्या मशीनवर) ‘.एक्सडिफॉल्ट्स-’ आणि पुढे होस्टचं, म्हणजे त्या मशीनचं, नाव अशी फाइल आहे का तपासा. ती नंतर वाचली जाते, म्हणून वरचढ ठरते.
- ‘फेसनेम’ या सेटिंगने फॉन्ट दिला असेल, तर तो रिमोट मशीनवर बसवलेला हवा. नसेल तर गुपचूप दुसराच फॉन्ट लागतो.

‘-मर्ज’ऐवजी ‘-लोड’ दिलंत तर आधीचं सगळं पुसलं जाईल, जपून. आणि हे एक्सटर्मसारख्या जुन्या वळणाच्या प्रोग्रॅमपुरतं. जीटीके आणि क्यूटी या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररींवर बेतलेले प्रोग्रॅम फॉन्टसाठी या नोंदींकडे सहसा बघत नाहीत.